तुमचं खूळ कोणतं? घरच्यांच्या थट्टेतून आयुष्याचा उद्देश शोधण्याची पद्धत

‘आपण नेमकं कशासाठी जगतोय?’ हा प्रश्न माणसाला साधारण तीनदा गाठतो. बारावीच्या निकालानंतर, चाळिशीत घराचे हप्ते सुरळीत चालू झाल्यावर, आणि निरोप समारंभातली शाल-श्रीफळ घरी आणून ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मग धावपळ सुरू होते. कुणी पत्रिका दाखवतं, कुणी मौनाच्या शिबिराला जातं, कुणी मोबाइलवर आलेली चार वर्तुळांची आकृती वहीत काढून मधल्या जागेत काय लिहायचं याचा विचार करत बसतं.

नोकरी बदलू पाहणाऱ्या आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या लोकांशी मी या विषयावर बरीच वर्षं बोलत आले आहे. त्यातून मला सगळ्यांत भरवशाचा वाटलेला मार्ग अगदी जवळचा आहे आणि त्यात मजाही भरपूर आहे. घरचे लोक तुमची कशावरून थट्टा करतात, ते शोधा.

कारण साधं आहे. थट्टा करायला निरीक्षण लागतं, आणि घरच्यांनी आपलं निरीक्षण वर्षानुवर्षं फुकटात केलेलं असतं. तुम्ही रोज ऑफिसला जाता, वीजबिल भरता, यावर कुणी हसत नाही. हसतात ते वेगळ्याच गोष्टीला: जी कुणी सांगितलेली नसते, जिचे पैसे मिळत नाहीत आणि जी तुम्ही नको त्या वेळी करता. ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय’ असं ज्याबद्दल म्हणतात ना, तीच ती. आपल्याला हवी असलेली वस्तू बहुतेक वेळा त्या भाकऱ्यांच्या टोपलीतच असते.

आधी एका माणसाची ओळख करून देते, म्हणजे पद्धत समजायला सोपी जाईल.

देवळालीचे मास्तर

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ एवढा काळ त्यांनी मास्तरकी केली. नाद एकच, आकडे. विद्यापीठातलं पद नाही, पदव्युत्तर शिक्षण नाही. संख्यांशी खेळायचं, जे सापडेल ते स्वतःच्या पैशाने छोट्या पुस्तिकांत छापायचं आणि गणिताच्या परिषदांना पदरमोड करून जायचं. आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना हे सगळं पोरकट वाटायचं आणि ते हसायचे. दारुड्याला जशी प्यायची ओढ तशीच आपल्याला आकड्यांची, असं कापरेकर स्वतःच सांगत.

त्यांना सापडलेली एक गंमत आत्ताच करून बघा, कागद-पेन घ्या. तुमचं जन्मसाल लिहा. समजा १९८७. हेच चार अंक मोठ्यापासून लहानाकडे मांडा, ९८७१. मग लहानापासून मोठ्याकडे, १७८९. वजाबाकी करा, ८०८२. याच उत्तराचं परत तसंच करा: ८८२० वजा ०२८८, म्हणजे ८५३२. पुन्हा एकदा: ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आता ६१७४ चं तेच केलं तर ७६४१ वजा १४६७, उत्तर परत ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत गाडी ६१७४ वरच येऊन थांबते. १९४९ साली मद्रासच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. आज जगभर या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

संख्यांच्या आणखी एका प्रकाराला त्यांनी ‘डेम्लो’ नाव दिलं. डेम्लो म्हणजे आपलं डोंबिवली. जीआयपी रेल्वेच्या (आताच्या मध्य रेल्वेच्या) त्या स्टेशनवर त्यांना या संख्यांचा विचार सुचला, म्हणून स्टेशनचंच नाव ठेवलं. डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या बाकी प्रत्येकाच्या डोक्यात पुढची गाडी होती. कापरेकरांच्या डोक्यात काय होतं, हे कळायला त्यांना कुठली चाचणी द्यावी लागली नाही. मन मोकळं सोडलं की ते कुठे जाऊन बसतं, एवढंच बघायचं असतं, आणि ते आपल्यापेक्षा आपल्याला हसणाऱ्यांना आधी दिसतं.

पहिली पायरी: थट्टा गोळा करा

एक साधी दोनशे पानी वही घ्या. पाच माणसं ठरवा: एक सख्खं भावंड, नवरा किंवा बायको, घरातलं एखादं मूल, शाळेपासूनचा एक मित्र किंवा मैत्रीण, आणि कामाच्या ठिकाणी शेजारच्या टेबलावर बसणारी व्यक्ती. मूल स्वतःचं नसेल तर भाचा-पुतण्या चालेल. मुलांना या यादीतून वगळू नका, त्यांच्याइतकं नेमकं कुणीच सांगत नाही.

विचारायचं ते समोरासमोर बसून. फॅमिली ग्रुपवर प्रश्न टाकलात तर तिघं हसऱ्या चेहऱ्याचं चित्र पाठवतील, काका सुप्रभातचा फोटो टाकतील आणि विषय संपेल. चहाच्या वेळी, शक्यतो खायला काहीतरी असताना, थेट विचारा: ‘मी नसताना तुम्ही मला कशावरून हसता?’ पहिल्यांदा सगळे ‘छे छे, काही नाही’ म्हणतील. थांबा. भज्यांची दुसरी प्लेट येईपर्यंत एकाला तरी कंठ फुटतो आणि मग कुणाला आवरता येत नाही.

जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. स्वतःची बाजू मांडू नका. ही अट फार महत्त्वाची आहे, कारण तुम्ही खुलासा करायला लागलात की समोरचा सावध होतो आणि गुळमुळीत बोलायला लागतो. माझ्याकडे लोकांनी आणलेल्या वह्यांमधली ही काही वाक्यं:

‘बाबांना भाजी आणायला पाठवू नका. भाजीवाल्याच्या गावाला पाऊस किती झाला ते विचारून येतात, मेथी विसरतात.’

‘लग्नाची पत्रिका आली की हा मुहूर्त बघत नाही, ऱ्हस्व-दीर्घ बघतो.’

‘ताईला गाडीत पुढे बसवू नका. झाड दिसलं की थांबा म्हणते.’

‘मावशी कुठेय? मावशी आचाऱ्याकडे.’

ही शेवटची मावशी माझीच. पुढे तिच्याबद्दल सविस्तर सांगते.

दुसरी पायरी: चाळणी लावा

वहीत जमलेलं सगळं कामाचं नसतं. तीन प्रकारची वाक्यं सरळ काट मारून टाका.

पहिली, काळजीची. ‘रात्री दोनपर्यंत मोबाइल बघत बसतो’, ‘क्रेडिट कार्ड घासत सुटते’. ती वेगळ्या पानावर लिहा, त्यांच्याकडे लक्ष द्या, पण त्यांचा इथे संबंध नाही. दुसरी, सवयीची: उशिरा उठणं, गाडीची चावी हरवणं. तिसरी, दिसण्यावरून, बोलण्याच्या धाटणीवरून, जातीवरून किंवा पगारावरून केलेली. ही थट्टाच नव्हे. ज्याने केली त्याला दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

उरलेल्या वाक्यांत क्रियापद शोधा. तुम्ही काय करता? विचारता, तपासता, जोडता, थांबवता, मोजता, समजावता? क्रियापद नसेल तर सांगणाऱ्याला पुन्हा विचारा, ‘म्हणजे मी नेमकं काय करतो तेव्हा?’

आता त्या क्रियापदाच्या खाली काय आहे ते बघायचं. घाई केली तर इथेच चुकीची वस्तू हातात येते. भाजीवाल्याशी बोलत बसणाऱ्या बाबांचा उद्देश काय? शेती? हवामान? अनोळखी माणसांशी गप्पा? एकेक गोष्ट काढून बघा. भाजीवाला तोच, पण तो पावसाऐवजी क्रिकेटवर बोलायला लागला तर बाबा थांबतील का? थांबले तर माणसं महत्त्वाची. निघून आले तर पाऊस. हा प्रयोग मनातल्या मनात करण्यापेक्षा खरोखरच करून बघा, आठवडाभर लक्ष ठेवा.

सालिम अलींचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. १९०८ च्या सुमाराचा मुंबईतला शाळकरी मुलगा, हातात छऱ्याची बंदूक, नाद चिमण्या मारायचा. घरच्यांच्या नजरेत तो शिकारीचं खूळ असलेला पोरगा. एक दिवस त्याने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कुठली चिमणी, हा प्रश्न त्याला गप्प बसू देईना. त्याचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद. त्यांच्या ओळखीने तो तिथे गेला आणि मानद सचिव मिलार्ड यांनी त्याला पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले. शिकारीच्या खाली कुतूहल होतं, ते त्या दिवशी वर आलं. बंदुकीवरच कुणी ‘शिकारी’ असा शिक्का मारून थांबलं असतं, तर भारतातल्या पक्ष्यांचा सर्वांत मोठा अभ्यासक आपल्याला मिळाला नसता.

तिसरी पायरी: तुम्ही काय करता ते बघा

पुढच्या वेळी थट्टा होईल तेव्हा स्वतःकडे लक्ष द्या. काही वाक्यांना तुम्ही नुसते हसून सोडता. काहींचा राग येतो. एखाद्या वाक्याला मात्र तुम्ही हसत हसत उत्तर द्यायला लागता, ‘अरे पण ऐक तर, त्याचं काय आहे माहितीये का...’ आणि दहा मिनिटांनी लक्षात येतं की बाकीचे जेवायला बसलेत आणि तुम्ही अजून बोलताय. त्या वाक्याला वहीत गोल करा. दोन वाक्यांना गोल आले तरी हरकत नाही, पुढची पायरी दोन्हींसाठी आळीपाळीने करा.

चौथी पायरी: वाटाणा पेरा

या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा रेंगाळते.

दादासाहेब फाळके चाळिशीत होते. तोवर चित्रकला, फोटोग्राफी, छपाई असं बरंच करून झालं होतं. तंबूत दाखवला जाणारा एक परदेशी मूकपट बघितला आणि डोक्याने घेतलं, आपली गोष्ट अशी पडद्यावर आणायची. विमा पॉलिसी तारण ठेवून ते १९१२ साली लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. चित्रपट काढायचा म्हणजे भांडवल लागणार, आणि असलं काही आपल्याकडे होऊ शकतं यावर लोकांचा विश्वास नाही. तेव्हा फाळक्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा लावला. रोज थोडं थोडं चित्रण करत महिनाभराहून जास्त काळ त्या रोपाच्या मागे लागून राहिले. नंतर फिल्म सलग फिरवली तेव्हा बघणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत वाटाण्याला कोंब फुटला, वेल वर चढला. ती इवलीशी चित्रफीत बघून पैसे द्यायला माणसं पुढे आली, आणि १९१३ साली भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट पडद्यावर आला.

तुमच्या गोल केलेल्या वाक्याचा वाटाणा कोणता, ते ठरवा. नियम चारच आहेत. मुदत एक महिना, फार तर सहा आठवडे. खर्च घरच्यांना घेऊन एकदा बाहेर जेवायला जाण्याइतका, त्यापुढे नाही. शेवटी दुसऱ्याला दाखवता येईल अशी पुरी झालेली एक वस्तू हातात हवी. आणि ती वस्तू तुमच्या खुळाचीच हवी, खुळाबद्दलची माहिती नको. ‘मी झाडांवरचे व्हिडिओ बघितले’ याला वाटाणा म्हणत नाहीत. आपल्या गल्लीतलं प्रत्येक झाड, त्याचं नाव आणि ते कधी फुलतं याची यादी सोसायटीच्या फलकावर लावली, याला म्हणतात.

आता मावशी. लग्नकार्यात ती मांडवात कधी सापडायची नाही, मागे चुलाण्यापाशी उलट्या डब्यावर बसलेली असायची. पाचशे माणसांच्या मसालेभाताला मीठ किती, हे आचाऱ्याला न चाखता कसं कळतं, हा तिचा प्रश्न. नैवेद्य व्हायच्या आधी चाखायचं नाही, त्यामुळे सगळा हिशेब ओंजळीचा. भाचरं पोट धरून हसायची. मी तिला म्हटलं, एकाच कार्याचं सगळं लिहून काढ. तिने पर्समध्ये घरातला छोटा वजनकाटा नेला. आचारी मीठ टाकायला लागला की ‘दादा, एक मिनिट’ म्हणून त्याची ओंजळ आधी काट्यावर, मग पातेल्यात. आचारी आधी वैतागला, मग त्यालाच मजा वाटायला लागली, कारण दर वेळची त्याची ओंजळ जवळजवळ सारख्याच वजनाची भरत होती आणि ते त्यालाही माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत तो हळदीची चिमूटही आपणहून काट्यावर ठेवायला लागला. त्या एका दिवसातून मावशीची हाताने लिहिलेली एक वही झाली: शंभर माणसांना तांदूळ किती, पाणी किती, तेल केव्हा, मीठ किती ग्रॅम. आज तिच्या गावातला महिला बचत गट तीच वही उघडून बारशा-डोहाळजेवणाच्या ऑर्डरी घेतो. साठी उलटल्यावर आपल्याला काम सापडलं, असं ती सगळ्यांना सांगते. भाचरं अजून हसतात, पण आता आपल्या घरचं कार्य ठरलं की पहिला फोन तिलाच करतात.

पत्रिकेतलं ऱ्हस्व-दीर्घ बघणाऱ्या गृहस्थांनी आपल्या गणेश मंडळाचा वार्षिक अहवाल तपासून दिला. त्यात त्यांना कळलं की चुका काढण्यात त्यांना गोडी नव्हतीच. वाकडं वाक्य सरळ झाल्यावर जे समाधान मिळतं ते त्यांना हवं होतं. आता ते वस्तीतल्या मुलांना अर्ज कसे लिहायचे ते शिकवतात.

महिना संपल्यावर एकच प्रश्न: दुसरा वाटाणा पेरावासा वाटतो का? वाटत नसेल तर आनंदाने सोडा, वहीतल्या पुढच्या वाक्याकडे वळा. सोडण्यात कमीपणा नाही. तुमचा एक महिना गेला, राजीनामा नाही.

पाचवी पायरी: पोटापाण्याचं आधी बघा

वाटाणा रुजला की माणसाला पंख फुटतात आणि राजीनामा लिहावासा वाटतो. कृपा करून थांबा.

कापरेकर निवृत्त होईपर्यंत मास्तर होते. पुण्यातल्या राजा केळकर संग्रहालयाचे संस्थापक दिनकर केळकर यांच्या घरचं चष्म्यांचं दुकान होतं. अडकित्ते, दिवे, दौती, कुंकवाचे करंडे, अंग घासायच्या वज्री असल्या वस्तू गोळा करत हा माणूस गावोगाव फिरायचा. ज्या वस्तू लोक मोडीत काढत होते त्या हे घरी आणत होते. त्यातून सुमारे वीस हजार वस्तूंचा संग्रह उभा राहिला, त्याला त्यांनी लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाचं नाव दिलं आणि पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. महर्षी कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायचे आणि तिथलं काम आटोपून हिंगण्याच्या आश्रमापर्यंत पायी जायचे. महिला विद्यापीठ त्यांनी काढलं १९१६ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी. राज्य सरकारच्या बहुतेक नोकरांचं निवृत्तीचं वय आपल्याकडे हेच, तेव्हा शाल-श्रीफळवाल्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

उद्देश म्हणजे पगाराचं साधन असलंच पाहिजे, ही समजूत फार लोकांना अडकवून ठेवते. वर्षभराचा घरखर्च वेगळा बाजूला पडल्याशिवाय, घराचा हप्ता आणि मुलांची फी कुठून येणार हे कागदावर मांडल्याशिवाय नोकरी सोडू नका. भविष्य निर्वाह निधीला हात लावू नका. फाळक्यांनी पॉलिसी तारण ठेवली, हे सांगायला थरारक वाटतं, पण त्या धाडसाची किंमत घरातल्या दुसऱ्या माणसानेही मोजली. त्याबद्दल पुढच्या पायरीत.

नोकरी आधीच गेली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. सालिम अली १९३० साली जर्मनीतून शिकून परत आले आणि बघतात तर संग्रहालयातली त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले आणि तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत न्याहाळत बसले. बेकार माणूस दिवसभर झाडाकडे तोंड करून बसलाय, गावातले लोक काय म्हणाले असतील त्याची कल्पना करा. त्या बसण्यातून जे निघालं ते वाचताना आजही हसू फुटतं. घरटं नर विणतो, तेही अर्धंच. मग मादी येते, आत-बाहेर करून नीट तपासते. पसंत पडलं तर ती राहायला येते आणि नर उरलेलं काम पुरं करतो. ती अंड्यांवर बसली की हे महाशय शेजारच्या फांदीवर दुसऱ्या मादीसाठी दुसरं घरटं विणायला घेतात. हे सगळं नीट नोंदवलं गेलं ते त्या बेकारीच्या दिवसांत. नोकरी गेलेल्या माणसाने रोजचे काही तास अर्ज आणि मुलाखतींना द्यावेत, आणि एक ठरावीक तास खुळाला. तो तास मन ताळ्यावर ठेवतो, हे मी अनेकांच्या बाबतीत बघितलं आहे.

सहावी पायरी: घरात बोलणी करा

सरस्वतीबाई फाळके रात्री जागून कच्च्या फिल्मला भोकं पाडायच्या आणि दिवसा सगळ्या कलाकार-कामगारांचा स्वयंपाक रांधायच्या. केळकरांच्या संग्रहामागेही त्यांच्या पत्नी कमलाबाईंचे हात होते. या दोघींबद्दल मला अतोनात आदर आहे, आणि एक प्रश्नही आहे: त्यांचं स्वतःचं खूळ काय होतं, हे घरात कधी कुणी विचारलं असेल का?

म्हणून बोलणी दोन्ही बाजूंची हवीत. जोडीदारासमोर बसून चार गोष्टी ठरवा. आठवड्यातले कोणते तास तुमचे. घरातला कोणता कोपरा तुमचा, आणि पसारा त्या कोपऱ्याबाहेर आला तर काय. दर महिन्याला किती रुपये. आणि गणपती-दिवाळी, मुलांची परीक्षा, घरात आजारपण असेल तेव्हा सगळं बंद. हे ठरलं की तेवढेच तास आणि तेवढेच रुपये जोडीदाराच्याही नावावर लिहा. त्याला किंवा तिला त्या तासांत झोपायचं असेल तर झोपू द्या.

बायकांच्या बाबतीत पहिल्या पायरीलाच अडचण येते. ‘आमची कशावरून थट्टा होणार? वेळच कुठे असतो?’ असं मला कितीतरी जणींनी विचारलंय. अशा वेळी घरकामाच्या आतच बघा. जेवढं गरजेचं आहे त्यापेक्षा जास्त कुठे करता? सगळ्या डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावून वर तारीख टाकता? शाळेतल्या मुलांच्या आया अभ्यासाचं विचारायला तुमच्याकडेच येतात? रांगोळी पाच मिनिटांत होत असताना तुम्ही पहाटे चारला उठता? त्या जास्तीच्या कामात तुमची गोडी आहे, आणि त्यावर ‘हिला काय, हौस!’ असं कुणीतरी म्हटलेलं असतंच. ते वाक्य वहीत घ्या.

सातवी पायरी: न हसणारा एक माणूस शोधा

थट्टेने दिशा कळते, पण पुढे चालायला एक तरी माणूस असा लागतो जो तुमचं काम मन लावून ऐकेल. सालिम अलींना मिलार्ड भेटले. कापरेकरांना वाट बघावी लागली. त्यांच्या कामाबद्दल अमेरिकेतले गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात १९७५ साली लिहिलं आणि मग जगाने दखल घेतली. तोवर मास्तरांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.

असा माणूस नातेवाइकांत शोधू नका, त्यांचं काम हसण्याचं, ते त्यांनी चोख केलेलं आहे. संस्थांमध्ये जा. जुन्या कागदपत्रांचं खूळ असेल तर पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. पक्षी, किडे, रानफुलं असतील तर मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी. विज्ञानाचं असेल तर मराठी विज्ञान परिषद. यातलं काहीच जवळ नसेल तर तालुक्याच्या ग्रंथालयात जाऊन ग्रंथपालांना विचारा, ‘या विषयावरची पुस्तकं इथे आणखी कोण नेतं?’ जाताना वाटाणा बरोबर न्या. रिकाम्या हाताने गेलात तर तुमच्या हौसेचं कौतुक होईल, केलेली वस्तू नेलीत तर तिच्यावर चर्चा होईल. चर्चा जास्त उपयोगी.

माणसं जमवायचंच खूळ असेल तर मुंबईच्या डॉ. मदन कटारियांकडे बघा. १९९५ च्या मार्चमध्ये त्यांनी एका बागेत हास्यक्लब सुरू केला तेव्हा चार-पाच जण होते. रोज एकाने विनोद सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि उरलेल्यांवर लोक नाराज व्हायला लागले. क्लब बंद करायच्या ऐवजी त्यांनी विनोदच काढून टाकले आणि नुसतं हसणं ठेवलं. आज जगभरच्या बागांत तो प्रकार चालतो. पहिली पद्धत फसली म्हणजे उद्देश फसला असं होत नाही, एवढं त्यातून घ्या.

थट्टा कधी थांबवायची

हसण्याचा छळ झाला तर तो सोसायचा नाही. कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला म्हणून मुरूडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. सावित्रीबाई फुले शाळेत शिकवायला जाताना त्यांच्या अंगावर शेण-माती फेकली गेली. ही थट्टा नव्हती. तुमच्या बाबतीत ओळखायची खूण अशी: थट्टा करणारा तुमची वस्तू बघायला येतो, छळणारा ती मोडायला येतो. वही फाडली, पैसे काढून घेतले, चारचौघांत रडवलं, बाहेर जायला बंदी केली, तर पद्धत बाजूला ठेवा आणि घराबाहेरच्या विश्वासू माणसाची मदत घ्या.

ज्यांची कुणी थट्टाच करत नाही

असेही लोक भेटतात. पाचही जण म्हणतात, ‘तुझ्यात हसण्यासारखं काही नाहीच.’ बहुतेक वेळा या माणसाला लहानपणी कुणीतरी एकदा जोरात हसलेलं असतं आणि तेव्हापासून त्याने ती गोष्ट लपवून ठेवलेली असते. त्याने आई-वडिलांना, मोठ्या बहिणीला किंवा जुन्या शेजाऱ्यांना विचारावं, ‘मी नऊ-दहा वर्षांचा असताना कुठे हरवायचो? जेवायला हाक मारल्यावर कुठून यायचो?’ गोठ्यातून, गच्चीवरून, सुताराच्या दुकानातून, शेजारच्या काकूंच्या पेटीच्या क्लासमधून, जे उत्तर येईल तिथे या रविवारी तासभर जाऊन बसा. दुकान बंद झालं असेल तर दुसऱ्या सुताराकडे जा, रंधा मारताना बघत उभं राहायला तो पैसे घेत नाही. परत आल्यावर घरी सांगा कुठे गेला होतात ते, आणि कोण पहिलं हसतं त्याचं नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहा.